सात किती प्रकारांनी?

आमच्या अबुधाबीच्या खलिफा सिटीतल्या भाजीवाल्याला मी आवडत नाही. मी आधी पिशवीतून एक किलो साखरेचा न फोडलेला पुडा काढते, त्याच्या काट्यावर ठेवते, काटा काय म्हणतो ते बघते आणि मगच टोमॅटोंना हात लावते. माझा मुलगा तेवढ्यात दोन दुकानं पलीकडे जाऊन उभा राहतो. "मम्मा, नोबडी डझ दिस," असं त्याचं म्हणणं. ते खरं नाही. शारजात रोल्लाच्या बाजारात एक गृहस्थ दर आठवड्याला हेच करायचे, आणि ही खोड मला त्यांनीच लावली.

ते आमचे गणिताचे सर. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या शाळेत अकरावी-बारावीला शिकवायचे. मूळचे सांगलीकडचे. अंगाने काटकुळे, उन्हाळ्यातसुद्धा शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत, कारण दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ. कोणी विचारलं तर म्हणायचे, "एक वेळ दाखवतं, दुसरं त्याच्यावर नजर ठेवतं." शाळेत त्यांना सगळे सीआयडी म्हणत. हे त्यांना माहीत होतं, आणि मनातून आवडतही असावं.

संशय हा त्यांचा धर्म होता. खडू स्वतःचा आणायचे. स्टाफरूममध्ये समोशांची बशी फिरली तर पहिला समोसा कधी उचलायचे नाहीत. दुसऱ्या कोणी खाल्ला, तो धडधाकट राहिला, की मग हात पुढे. लिफ्टमध्ये त्यांना तिसरा मजला हवा असेल तर चौथ्याचं बटण दाबून एक मजला उतरून यायचे. कुठेही बसले तरी तोंड दाराकडे. दाराकडे पाठ करून बसलेले सर मी वर्गात, स्टाफरूममध्ये किंवा बसमध्येसुद्धा पाहिले नव्हते.

शिकवणी घरी घ्यायला शाळेची परवानगी नव्हती. तरी बारावीच्या मुलांना शिकवणी हवीच होती, म्हणून शुक्रवारी सकाळी आम्ही पाच जण त्यांच्याकडे जायचो. रोल्लात एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांची एक खोली होती. खाली शिंप्याचं दुकान आणि एक कॅफेटेरिया. आम्ही एकेक करून, थोड्या थोड्या अंतराने जिना चढायचो. बूट बाहेर काढायचे नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत न्यायचे. बेल वाजवायची नाही, टकटक करायची. दाराला बाहेर बघायचं भोक होतं, पण त्यावर सरांनी चिकटपट्टी लावली होती. आतून बाहेरचं दिसतं तर बाहेरूनही आतलं दिसत असणार, असा त्यांचा हिशेब.

मग बाहेर कोण आहे हे कळायचं कसं? त्यासाठी त्यांची स्वतःची पद्धत होती. टकटक झाली की बंद दाराआडून आवाज यायचा, "दोन फासे. नऊ किती प्रकारांनी?" आपण म्हणायचं, "चार." मग कडी निघायची. कधी आठ विचारायचे, कधी दहा. मूड बरा असला तर सात. चुकलं तर कडी निघत नसे. आमच्यातला एक मुलगा सुरुवातीला अर्धा तास जिन्यात बसून बोटं मोजत होता.

फासे मी त्याआधी हातातसुद्धा घेतले नव्हते. आम्ही रत्नागिरीकडचे, दाभोळ खाडीच्या काठचे. आमच्या घरात फासा म्हणजे हराम. लहानपणी वाढदिवसाला कोणीतरी लुडो दिला, तेव्हा अब्बांनी पट ठेवला आणि फासा परत पाठवला. मी आणि माझा भाऊ त्या पटावर वाटाणे ठेवून नुसते बघत बसायचो. त्यामुळे सरांनी पहिल्या दिवशी टेबलावर एक लाल आणि एक पांढरा फासा टाकला, तेव्हा मी खुर्ची मागे सरकवली.

"भिऊ नको," सर माझ्याशी मराठीतून बोलत, बाकीच्यांशी इंग्रजीतून. "फासा चावत नाही. चावतो तो टेबलाच्या पलीकडचा माणूस."

त्यांनी विचारलं, दोन फाशांची बेरीज किती येऊ शकते? आम्ही सगळे एकसुरात म्हणालो, दोन ते बारा, म्हणजे अकरा आउटकम्स. मग प्रत्येकाचा चान्स अकरात एक. सरांनी कपाळाला हात लावला. अकरा बेरजा, पण फासे पडायचे प्रकार छत्तीस. बारा यायला दोन्हीकडे सहाच हवेत, तो एकच प्रकार. सात मात्र सहा प्रकारांनी येतो. एक-सहा आणि सहा-एक वेगळे कसे, हे मला काही केल्या पटेना.

"तुझी आई आणि मावशी," सर म्हणाले. "आईने हिरवी साडी नेसली, मावशीने लाल. फोटो काढला. मग दोघींनी साड्या बदलल्या. फोटो तोच राहिला का?"

आमच्या घरी साडी कोणी नेसत नव्हतं, पण मुद्दा डोक्यात बसला तो कायमचा.

त्यांचा खेळ परदेशातल्या कॅसिनोत चालतो तोच. पैसा मात्र खोलीत कोणी काढायचा नाही, तो नियम होता. पैशाऐवजी खजुराच्या बिया. सर रोज खजूर खायचे, बिया धुऊन वाळवून बिस्किटांच्या डब्यात भरायचे. आम्हाला प्रत्येकाला मूठभर बिया मिळायच्या. टेबलावर कांबळं पसरलेलं, फाशांचा आवाज खाली जाऊ नये म्हणून. सातवर एक बी लावा. सात आला तर सर चार बिया देणार, नाही आला तर बी सरांची. आम्ही ओरडायचो, "सात! सात!" आणि सर दोन्ही हातांनी "हळू, हळू" करायचे. तास संपेपर्यंत सगळ्यांच्या बिया सरांच्या डब्यात परत गेलेल्या असायच्या.

"सर, युवर डाइस आर फिक्स्ड!" मुलं म्हणाली.

सरांना एवढा आनंद झालेला मी क्वचितच पाहिला. कोणीतरी संशय घेतला होता! त्यांनी स्टीलच्या पातेल्यात पाणी घेतलं, त्यात मीठ ओतत राहिले, फासे तरंगायला लागेपर्यंत. मग फासा बोटाने बुडवायचा, सोडायचा, वर कोणता आकडा येतो बघायचा. एका बाजूला वजन भरलेलं असेल तर तोच तोच आकडा वर येतो. आम्ही सगळ्यांनी बुडवून बघितलं. दर वेळी वेगळा आकडा. फासे निर्मळ होते.

"माणसांनाही असं मिठात घालून बघता आलं असतं तर," सर फासे पुसत म्हणाले, "माझं आयुष्य फार सोपं झालं असतं."

"देन हाउ डू यू ऑल्वेज विन?"

"तुम्ही फाशांकडे बघताय. भावाकडे कोणी बघितलं? भाव कोणी ठरवला?"

हे त्यांचं पेटंट वाक्य. छत्तीस वेळा फेकलं तर सात साधारण सहा वेळा येणार, तीस वेळा नाही. म्हणजे एकाला पाच दिले तर बरोबरी. सर चार देत होते. ती पाचवी बी दर वेळी त्यांच्या डब्यात राहत होती, आणि आम्ही फाशांवर डोळे लावून बसलो होतो. कॅसिनोतही सातचा भाव हाच असतो, ते म्हणाले. फासे प्रामाणिक ठेवायला त्यांचं काय जातं?

दुसरी एक पैज त्यांनी शेवटी शिकवली. पहिल्याच फेकीत सात किंवा अकरा आला तर तुम्ही जिंकलात. दोन, तीन किंवा बारा आला तर हरलात. दुसरं काही आलं, समजा सहा, तर तो सहा पुन्हा यायच्या आत सात येता कामा नये. "बघा," सर म्हणाले, "पहिल्या फेकीत सात तुमचा सोयरा. दुसऱ्या फेकीपासून तोच तुमच्या मुळावर. अशी माणसंही असतात, सांभाळून राहा." या पैजेत शंभरातले जेमतेम दीडच अड्ड्याला सुटतात. कॅसिनोतली सगळ्यात सभ्य पैज. "आणि सभ्य माणसं इथेच बुडतात," एवढं बोलून त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

हे सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर एका शुक्रवारी अम्मीने माझी बॅग धुवायला काढली. बॅगेच्या तळातून खजुराच्या सात-आठ बिया आणि घरी सरावासाठी दिलेले दोन फासे फरशीवर पडले. अम्मीने त्यांना हात लावला नाही. चिमट्याने उचलून बशीत ठेवले आणि बशी अब्बांसमोर ठेवली.

अब्बा दुबईत देऱ्याला एका क्लिअरिंग ऑफिसात होते. जहाजाने आलेला माल सोडवण्याचं काम. दाढी, पाच वेळची नमाज, बोलणं मोजकं. गावचे लोक भांडण मिटवायला त्यांच्याकडे यायचे. त्यांनी बशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "गणित आहे," मी म्हणाले. "प्रोबॅबिलिटी."

"ह्याला गणित म्हणतात?" अब्बा म्हणाले. "पुढच्या जुम्म्याला मी येतो."

ते आले. जिना चढून मी टकटक केली.

"आठ किती प्रकारांनी?"

"पाच."

कडी निघाली नाही. आतून आवाज आला, "पावलं दोघांची वाजली. दुसरं कोण?"

"मुलीचा बाप," अब्बा म्हणाले.

आतून लगेच, "कशावरून?"

अब्बांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तीस-एक वर्षं गल्फमध्ये काढलेला माणूस, कस्टमवाले त्यांना सलाम करायचे, आणि इथे रोल्लाच्या एका जिन्यात कोणी त्यांना बापपणाचा दाखला मागत होतं! मी घाईघाईने ओरडले, "सर, अब्बाच आहेत!" तेव्हा दार बोटभर उघडलं, एक डोळा दिसला, आणि मग बाकीचं दार.

अब्बा दाराजवळच्या खुर्चीवर, बुटांच्या पिशव्यांशेजारी बसले. सर टेबलाच्या पलीकडे, दाराकडे तोंड करून. दोघेही एकमेकांना न्याहाळत होते. दोन संशयी माणसं एका खोलीत आली की हवा कशी होते ते मी त्या दिवशी पाहिलं. सरांनी त्यांना फासे टाकायला सांगितलं नाही, तेवढा मान ठेवला. "भाईसाहेब, तुम्ही फक्त बघा," म्हणाले. अब्बांनी तासभर बघितलं. बिया डब्यात जाताना बघितल्या, मीठ-पाणी बघितलं, भावाचं गणित ऐकलं. शेवटी मुलं गेली, मी पिशवीतून बूट काढून घालत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "सर, हे तुम्हाला पुस्तकातून माहीत झालं?"

सर डबा पुसत होते. पुसत राहिले.

"नाही. काठमांडूला. तेव्हा मी कॉलेजात गणित शिकवायचो. सहल घेऊन गेलो होतो."

"हरलात?"

"आधी जिंकलो. तेच वाईट झालं. मग परत परत गेलो."

"पण गणित तर येत होतं तुम्हाला."

"गणित येत होतं, भाईसाहेब," सर म्हणाले. "उठता येत नव्हतं."

बायको मुलाला घेऊन माहेरी गेली, ती गेलीच. तो मुलगा आता हिच्याएवढा असेल, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट केलं, पण बघितलं नाही. मग त्यांनी आम्हाला बाहेर काढलं आणि आतून कडी लावली, नंतर खालची, नंतर साखळी.

गाडीत अब्बा सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, "ह्या माणसाकडे तू शिकायला जायचं नाही." माझे डोळे भरले, बोर्डाची परीक्षा जवळ आली होती आणि आयुष्यात पहिल्यांदा मला गणित कळायला लागलं होतं. सिग्नल सुटला. अब्बांनी गिअर टाकला आणि वाक्य पुरं केलं, "एकटीने."

तेव्हापासून दर शुक्रवारी अब्बा माझ्याबरोबर. टकटक मी करायची, उत्तर मी द्यायचं. मग अब्बांनी आपल्या खुर्चीवर बसायचं आणि जुम्म्याच्या नमाजेची वेळ झाली की उठायचं. सरांना वाटे, हे पाळत ठेवायला येतात. ते खरंही होतं.

एकदा अब्बांच्या खिशातून कागदांचा गठ्ठा डोकावत होता. सरांच्या नजरेतून तो सुटणं शक्य नव्हतं.

"भाईसाहेब, ते काय?"

ती कूपनं होती. त्या काळात शारजा-दुबईत जिथे बघावं तिथे सोडती. अमुक एवढी खरेदी करा, कूपन भरा, गाडी जिंका, सोनं जिंका. अब्बांना त्या गाडीने झपाटलं होतं. पन्नास दिरहमच्या खरेदीला एक कूपन. "म्हणजे आपले पाचशे रुपये," असं मोठ्याने म्हणत ते शाम्पूच्या बाटल्या ट्रॉलीत टाकत. आमच्या बाथरूममध्ये इतका शाम्पू होता की सगळ्या दाभोळचे केस धुऊन झाले असते. हा जुगार आहे असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. दुकानात फासे कुठे होते?

"किती कूपनं पडतात पेटीत?" सरांनी विचारलं.

"ते कसं कळणार?"

"मग हे फाशांपेक्षा वाईट. माझ्याकडे निदान छत्तीस मोजता येतात."

"मी शाम्पू विकत घेतो, सर. कूपन फुकट असतं."

"भाव कोणी ठरवला?" सर म्हणाले.

अब्बा त्या दिवशी नमाजेला वीस मिनिटं लवकर निघाले. महिन्याभराने अम्मीने विचारलं, "काय हो, ह्या वेळी शाम्पू नाही आणला?" तेव्हा अब्बा म्हणाले, "आहे तो संपवा."

आणि मग शाळेत ते पत्र आलं. निनावी, टाइप केलेलं. रोल्लात अमुक इमारतीत तुमचा शिक्षक मुलांना जमवून जुगार खेळवतो. कांबळं अपुरं पडलं होतं, आमचं "सात! सात!" कोणीतरी ऐकलं होतं. ह्या देशात जुगाराचा आरोप म्हणजे काय, हे सांगायची गरज नव्हती. शाळेने पत्र पुढे पाठवलं असतं तर पोलीस आले असते. नोकरी गेली असती, नोकरीबरोबर व्हिसा, आणि सर पासपोर्टवर शिक्का मारून घेऊन सांगलीला परत. तिथे त्यांचं कोण होतं?

सगळेच एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघायला लागले. अम्मीला वाटे, शिंपी. मुलांना वाटे, वॉचमन. अब्बांना एका कमी मार्कवाल्या मुलाच्या आईचा संशय. कोणी लिहिलं ते आजतागायत कळलेलं नाही. सरांनी मात्र निकाल लावून टाकला होता. कॉरिडॉरमध्ये त्यांनी मला थांबवलं, दोन्ही घड्याळं बघितली आणि विचारलं, "तुझ्या अब्बांनी काही लिहिलंय का?"

मला इतका राग आला की मी तशीच वर्गात निघून गेले. घरी येऊन रडले. अब्बांनी ऐकून घेतलं. "मी लिहिलं असतं," ते म्हणाले, "तर खाली नाव घातलं असतं."

चौकशी प्रिन्सिपल मॅडमच्या खोलीत. त्यांच्या शेजारी शाळेचे मुदीर म्हणजे संचालक, पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातले एक वयस्कर स्थानिक गृहस्थ. शाळेचे सरकारी कागद त्यांच्या सहीने चालायचे. समोर पाच मुलांचे आईबाप, आम्ही मुलं भिंतीला लागून उभी. सर एका टोकाच्या खुर्चीवर. तिथेही त्यांनी दार दिसेल अशीच खुर्ची धरली होती. टेबलावर पुराव्यादाखल त्यांचा बियांचा डबा, फासे आणि बिचारं पातेलं.

मॅडमनी एकेकाला विचारलं. पहिले वडील म्हणाले, आम्हाला कल्पना नव्हती. दुसरी आई म्हणाली, आम्हाला वाटलं शाळेतच एक्स्ट्रा क्लास असतो. एका आठवड्यापूर्वी ह्याच बाई सरांना हलव्याचा डबा देऊन गेल्या होत्या. सर कोणाकडेच बघत नव्हते. त्यांना हेच अपेक्षित होतं, आणि अपेक्षेप्रमाणे झालं की त्यांना एक प्रकारचं समाधान मिळत असे.

मग अब्बांची पाळी. मॅडमनी सरळच विचारलं, "यू सॅट देअर एव्हरी फ्रायडे. टेल अस ऑनेस्टली. हॅज धिस मॅन एव्हर गॅम्बल्ड?"

अब्बा उठून उभे राहिले. अब्बा खोटं बोलत नसत, हे मला माहीत होतं आणि त्या क्षणी त्याचीच मला भीती वाटली. ती काठमांडूची गोष्ट खोलीत आम्हा तिघांनाच ठाऊक होती. सरांनी डाव्या मनगटावर उजवा हात ठेवला.

"यस," अब्बा म्हणाले. मग हिंदीवर आले, "खेला है मॅडम। बहुत खेला, सब कुछ हारा। मुझको इसने खुद बताया।"

सरांनी डोळे मिटले. पुढच्या फेकीत मुळावर येणारा सात त्यांना अखेर भेटला होता, असंच त्यांना वाटलं असणार.

अब्बा बसले नाहीत. पेल्यातलं पाणी प्यायले आणि पुढे बोलू लागले. जुगारी माणूस दुसऱ्याला सांगतो की तू जिंकशील, ते म्हणाले. ह्या माणसाने पोरांना दर जुम्म्याला फक्त हरवलं, आणि का हरलात ते समजावलं. माझ्या घरी फासा आत येत नाही. पण मी स्वतः दोन वर्षं गाडीच्या कूपनांच्या मागे होतो. घर शाम्पूने भरलं. मला वाटायचं, मी खरेदी करतोय. खोलीत आमच्या गावचे दोघे होते, त्यांच्याच मशिदीतले. त्यांच्यासमोर हे बोलताना अब्बांचे कान लाल झाले होते, ते मला भिंतीपासून दिसत होते. "इसने मेरेको एक सवाल पूछा," ते म्हणाले. "उस दिन से मैंने कूपन नहीं भरा। मेरी बेटी इसके पास ही बैठेगी।"

मुदीरना कोणीतरी हळू आवाजात अरबीतून सांगत होतं. त्यांनी डब्यातली एक बी उचलली, बोटांत फिरवली, परत ठेवली. "खलास," ते म्हणाले. "घरी शिकवणी बंद. शाळेत शिकव. हे पत्र पुढे जाणार नाही." आणि डबा सरांच्या बाजूला सरकवला, तशा काही बिया टेबलावर सांडल्या.

मला हंबरडा फोडावासा वाटला, आनंदाने. सर मात्र उठले, डबा बगलेत मारला, आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये अब्बांना गाठलं. मला वाटलं, आता आभार मानतील.

"भाईसाहेब," ते अगदी हळू म्हणाले, "ह्यात तुमचा फायदा काय?"

"सगळ्याला भाव नसतो, सर."

"असतो," सर म्हणाले. "मला सापडला नाही अजून." आणि निघून गेले.

अब्बा हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "वेडा आहे," एवढंच म्हणाले, आणि ते त्यांनी घरातल्या माणसाबद्दल म्हणावं तसं म्हटलं.

त्यानंतरच्या शुक्रवारी शिकवणी नव्हती. तरी अब्बा सकाळीच तयार झाले. वाटेत खजुराचा मोठा डबा घेतला. "त्याच्या बिया मॅडमच्या टेबलावर सांडल्या होत्या," म्हणाले, "कमी पडतील." गाडी चालवताना ते ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत होते. मला वाटलं, दुआ म्हणतायत. कान दिला तर, "सहा, पाच. सात, सहा. आठ, पाच. नऊ, चार..." चुकलं की पुन्हा दोनपासून.

"अब्बा, उत्तर मी देते ना."

"आज मी देणार," ते म्हणाले. "यल्ला, उतर."

तीन मजले चढून त्यांना धाप लागली होती. दम खाऊन त्यांनी टोपी नीट केली, टकटक करायला हात उचलला, आणि हात तसाच राहिला. दार उघडं होतं. सताड. मध्ये चप्पल अडकवून ठेवलेली. आत टेबलावर कांबळं नव्हतं, तीन पेले मांडलेले होते, आणि सर गॅसपाशी चहा गाळत होते.

"या," ते वळून न बघताच म्हणाले.

अब्बा उंबऱ्यापाशीच उभे. "सर, विचारा ना."

"काय?"

"काहीही विचारा. सगळे पाठ करून आलोय. सात विचारा."

सरांनी किटली खाली ठेवली. अब्बांकडे बघितलं, मला वाटतं पहिल्यांदाच नीट बघितलं.

"तुम्हाला काय विचारायचं, भाईसाहेब," ते म्हणाले. "आत या."

अब्बा थोडे हिरमुसलेच. आत जाऊन दमलेल्या माणसासारखे समोर येईल त्या खुर्चीत बसले, आणि ती नेमकी सरांची होती, दाराकडे तोंड असलेली. सर तिन्ही पेले घेऊन आले, खुर्चीकडे बघितलं, उघड्या दाराकडे बघितलं. मग अब्बांची ती बुटांच्या पिशव्यांजवळची खुर्ची ओढून, दाराकडे पाठ करून बसले आणि चहात साखर पुरेशी आहे का, ते विचारू लागले.